शेळीची लस, गाईचा रोग आणि उरलेले तीन टक्के

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : विदर्भातील लंपी लसीकरणाला जनुकीय तपासणीची जोड देण्याबाबत

मा. महोदय,

पोळ्याच्या तोंडावर माश्या, डास, गोचीड वाढतात आणि गुरांच्या अंगावर लंपी या विषाणूजन्य रोगाच्या गाठी दिसू लागतात. लसीकरणाची मोहीम निघते, टोचलेल्या जनावरांचा आकडा रोज वर पाठवला जातो. पण लस दिलेल्या गोठ्यातच गाठी का आल्या, असे शेतकऱ्याने विचारले तर पशुधन पर्यवेक्षकाकडे उत्तर नसते. राज्यात लंपी २०२० मध्ये आधी गडचिरोलीच्या सिरोंच्यात दिसला, तेव्हापासून हा प्रश्न तसाच आहे.

लंपीसाठी गाईला शेळ्यांच्या देवीची लस टोचतात; ती का चालते, हे आधी सांगतो. लंपी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे तिन्ही विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच गटातले. जनुकसंचाची लांबी दीड लाख अक्षरांच्या आसपास, आणि त्यातली ९६ ते ९७ टक्के जुळतात. विषाणूची बांधणी आणि वाढ सांभाळणारी जनुके मधल्या भागात असतात, तिथे फरक फारच थोडा. म्हणून शेळ्यांच्या देवीच्या उत्तरकाशी वाणाची लस टोचलेल्या गाईचे शरीर लंपीलाही ओळखते. उरलेला फरक बराचसा दोन टोकांकडे आहे. लंपीच्या विषाणूत सुमारे १५६ जनुके. त्यांतली नऊ शेळी-मेंढीच्या विषाणूंत मोडलेली आहेत. ती बहुधा गाईची प्रतिकारशक्ती चुकवण्याच्या कामाची असावीत. साम्य असल्याने संरक्षण मिळते, पण ते परक्या लशीचे असल्याने मात्रेत जराही काटकसर चालत नाही.

केंद्राच्या सूचनेप्रमाणे गाईला १० चा ३.५ वा घात, म्हणजे सुमारे ३,००० संसर्गक्षम एकके (जिवंत विषाणू मोजण्याचे माप), कातडीखाली द्यायची असतात. नोंदवहीत मात्र 'एक मिली' एवढेच लिहिले जाते. कुपी २ ते ८ अंशांत राहिली का, द्रावक मिसळल्यावर दोन तासांत संपली का, याची नोंद नाही. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात मोटारसायकलच्या डिक्कीतून गेलेल्या लशीचा तोच एक मिली असतो, आत जिवंत विषाणू किती उरला ते कोण सांगणार?

म्हणून लशीनंतर गाठ आली की तीन शक्यता उरतात : लस उन्हात मेली, टोचण्याआधीच जनावराला लागण झालेली होती (संरक्षण तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात), किंवा विषाणूच वेगळा आहे. डोळ्यांनी यातले काहीच कळत नाही. नेहमीची पी-३२ या जनुकावरची पीसीआर (विषाणूचे जनुक शोधणारी चाचणी) फक्त 'कॅप्रिपॉक्स आहे' इतके सांगते. आरपीओ-३० जनुकात मेंढीच्या विषाणूला २१ अक्षरे कमी असतात, त्यावरून मेंढीचा विषाणू वेगळा काढता येतो. शेळीचा आणि गाईचा वेगळा करायला जीपीसीआर जनुकाचा क्रम वाचावा लागतो. काठेवाडी आणि धनगर कळप आपल्याच आखरावरून जातात, त्यामुळे विदर्भात हा भेद कागदी नाही.

नावावर विसंबण्याचा धोका केनियाच्या लसवाणाने दाखवला आहे. केएसजीपी ०-२४० हा वाण वर्षानुवर्षे मेंढी-शेळीचा म्हणून वापरला गेला. जनुके वाचल्यावर तो लंपीचाच विषाणू निघाला. रशियात २०१७ मध्ये सापडलेला विषाणू तर नीथलिंग हा लंपीचा लसवाण आणि केनियाच्या वाणाजवळचा विषाणू यांच्या सरमिसळीचा होता. एकाच जनावरात दोन जिवंत विषाणू भेटले की असे घडू शकते. ताप किंवा गाठी असलेल्या जनावराला लस न देण्याचे आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरण्याचे हेही एक कारण आहे.

लम्पी-प्रोव्हॅकइंड ही रांचीच्या २०१९ च्या लंपी विषाणूपासून केलेली लस. पुण्याच्या संस्थेला तिचे तंत्रज्ञान देण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाला. ती सर्रास वापरात आली की गुंता वाढेल : लशीचा विषाणू आणि रोगाचा विषाणू दोन्ही लंपीचेच, साधी पीसीआर दोन्हींना होकार देईल.

आमची मागणी छोटी आहे. नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात जनुकक्रम वाचण्याची सोय लंपीसाठी राखावी, आणि प्रत्येक बाधित तालुक्यातून पहिल्या काही जनावरांचे नमुने सक्तीने तिथे जावेत. ताप उतरून दोन आठवडे झाल्यावर रक्तात विषाणू सापडणे अवघड, म्हणून गाठीचा तुकडा किंवा खपली घ्यावी. ती फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, बर्फात पाठवावी. रक्त घ्यायचेच असेल तर ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत. त्याच कामाचे हेपॅरिन पीसीआर बिघडवते. दवाखान्यांत नेमक्या ईडीटीएच्या नळ्यांचाच तुटवडा असतो. नमुन्यासोबत लशीचा बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि कुपीचे तापमान लिहिलेली चिठ्ठी हवी, नाहीतर जनुके वाचूनही अर्थ लागणार नाही.

जाता जाता : लंपी माणसाला होत नाही, उकळलेले दूध निर्धास्त प्यावे. म्हशींची देवी मात्र दूध काढणाऱ्याच्या हातावर येते, कारण ती ऑर्थोपॉक्स, म्हणजे माणसाच्या देवीच्या गटातली. मंकीपॉक्सही त्याच गटातला. २०२२ मध्ये मंकीपॉक्स आणि लंपीच्या बातम्या एकाच वेळी आल्या. जनजागृतीच्या भित्तिपत्रकावर हा भेद एका ओळीत छापावा.

नळ्या आणि चिठ्ठ्यांचा आदेश मृगाआधी निघाला तर यंदाच्या पहिल्या गाठीपासून नमुने घेता येतील.

आपले,
विदर्भातील क्षेत्रीय पशुवैद्यक