बदकं आत जाईनात, त्यावर

तासगाव, रविवार

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा आमची द्राक्षबागेची खरड छाटणी जोरात होती, म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहितोस, तळ्याकाठी एवढं देखणं घर बांधलं, वर लाल पत्रा, दाराला कमान, आणि बदकं त्याच्याकडं ढुंकून बघत नाहीत, रात्रभर पाण्यातच. अरे, बघतील कशी? घर तू रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसावं म्हणून बांधलंस. बदकाला कमानीचं काय कौतुक!

कोंबडीवरनं बदकाचा अंदाज बांधू नकोस. कोंबडीला अंधारात दिसत नाही, म्हणून ती दिवस मावळायला आपल्या पायानं खुराड्यात शिरते. बदकाला रात्रीचंही बऱ्यापैकी दिसतं आणि त्याच्या लेखी पाणी हीच सुरक्षित जागा. तरंगत तरंगत झोपसुद्धा काढतं ते. कळपाच्या कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं आणि तेवढा वेळ त्याचा अर्धा मेंदू जागा असतो, हे शास्त्रज्ञांनी तपासून बघितलेलं आहे. तेव्हा घराची गरज त्यांना वाटतच नाही. ती आपल्याला वाटते, कारण तुमच्या कराडकडं उसात बिबट्या, आणि तो नसला तरी मुंगूस, उदमांजर, भटकी कुत्री कुठं गेलीत?

मग त्यांना आत आणायचं ते पोटाच्या वाटेनं. दुपारनंतर बाहेर दाणासुद्धा टाकायचा नाही. पोरं तळ्यावर पाव टाकतात म्हणालास, ते आधी बंद कर. पोट फुगतं, अंगाला काही लागत नाही, आणि संध्याकाळी भूक मेलेली. संध्याकाळचं खाणं फक्त घरात, रोज त्याच वेळेला, घमेलं वाजवून. मक्याचा भरडा, भिजवलेला गहू, काहीही चालेल, पण बुरशी धरलेला मका किंवा शेंगपेंड चुकूनही नको. ते विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बाधतं. शेजारी पाणी हवंच, अख्खी चोच बुडेल इतकं खोल. कोरडा भरडा पाण्याशिवाय बदकाच्या घशात अडकतो.

सुरुवातीला आठवडाभर त्यांना तळ्यावर सोडूच नकोस. घर आणि त्याच्यापुढं जाळी मारलेलं अंगण, त्यात पाण्याचं घमेलं, बास. हे आपलं ठिकाण हे एकदा डोक्यात बसलं की मग खाण्याच्या आधी तासभर सोडायचं. उपाशी सोडलेली बदकं लांब जात नाहीत.

आता दाराचं. आमच्याकडं एक म्होरकी आहे, खाकी कॅम्पबेल जातीची बदकी. उंबऱ्यापाशी येते आणि थबकते. मान तिरकी करून एका डोळ्यानं आत बघते, मग दुसऱ्या डोळ्यानं. मागची सगळी वरात तिच्या शेपटीला चिकटून उभी, कुणी चूं करत नाही. आत काळोख असला की तिथनंच सगळ्या माघारी. म्हणून मी आत एक छोटा बल्ब लावतो, सगळी आत गेली की बंद. दार रुंद ठेव, दोन-तीन बदकं शेजारी शेजारी जातील एवढं, कारण ती एकदम घुसतात आणि चेंगरतात. दाराला चढण असेल तर अगदी कमी, आडव्या पट्ट्या मारलेली. बदकाचे पाय नाजूक. त्यासाठीच त्याला पायाला धरून कधी उचलू नकोस. आत बसायला दांडा नको, ती जमिनीवरच झोपतात. खाली भाताचं तूस टाक आणि ओलं झालं की बदल. हवेची जाळी त्यांच्या डोक्याच्या वर असावी, म्हणजे वारा खेळतो पण अंगावर येत नाही.

आणि तो लाल पत्रा! मे महिन्यात संध्याकाळी आत हात घालून बघ. तव्यावर कोण स्वतःहून जाऊन बसेल? वर पाचटाचा जाड थर टाक आणि दोरीनं आवळ. दिसायला गबाळं दिसेल, दिसू दे.

पाण्यातनं बाहेर काढायला दगड मारू नकोस, आत उतरूही नकोस. तळं लहान असेल तर दोघांनी दोन काठांवरनं दोरी धरून पाण्यावरनं सावकाश ओढत यायचं. जमिनीवर आली की लांब काठी आडवी धरून मागनं हळूहळू चालायचं. एखादं फुटलं तर त्याच्यामागं पळायचं नाही. कळप पुढं गेला की तेच बोंबलत येऊन मिसळतं.

तुझं शेततळं प्लास्टिक अस्तराचं आहे का, ते लिहिलं नाहीस. तसं असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी ते बघ. ओल्या प्लास्टिकवर बदकाचा पाय ठरत नाही, वर येता येत नाही, आणि दमलेलं बदकही बुडतं. काठापासनं पाण्यात जाईल अशी काथ्याची जाड चटई नाहीतर गोणपाट पक्कं बांध. बाहेर यायला वाट नसेल तर घरात न येण्याचा दोष बदकांना कसा देणार?

सकाळी दार नऊच्या आत उघडू नकोस. अंडी बहुतेक पहाटेच पडतात. लवकर सोडलीस तर ती तळ्यात घालतील आणि तू गाळात हात घालून शोधत बसशील. जाळी लोखंडी घे. बेदाण्याच्या शेडची नेट उरली असेल तर पाठवू का म्हणून बायको विचारत होती, पण ती मुंगूस सहज फाडतं.

ऋषिपंचमीला इथल्या गणपतीच्या रथाला येणार आहेस ना? मुक्कामाला ये, येताना डझनभर अंडी आण. आई बदकाच्या अंड्याला नाक मुरडते, पण आम्लेट कशाचं ते आपण तिला सांगायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिवा