आठवणीतले गाणे तेच लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाण्यांच्या बैठका हल्ली बऱ्याच ठिकाणी भरतात. शाळासोबती, निवृत्त सहकारी, सकाळी टेकडीवर भेटणारी मंडळी जमतात. एकेक जण आवडीचे गाणे सांगतो, कोणीतरी ते मोबाइलवर शोधून लावतो आणि मग आठवणी निघतात. उपक्रम छानच, पण त्यात एक घोटाळा सर्रास होतो. गाणे तेच असते, ध्वनिमुद्रण मात्र भलतेच लागते. "हे नव्हे हो ते," असे सांगणारा कुरकुरतो आणि बाकीच्यांना तो हट्ट वाटतो. त्या माणसाच्या कानात एक ठरावीक आवाज, एक ठरावीक ठेका, दोन कडव्यांमधली एक ठरावीक बासरी बसलेली असते. ती आली नाही तर आठवणही येत नाही. म्हणून गाणे लावण्याआधी नेमके कोणते ध्वनिमुद्रण, हे शोधायला हवे. त्यासाठी थोडी माहिती आणि थोडी खटपट लागते.

एका गाण्याची किती रूपे असतात ते पाहा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्यामुळे चित्रपटात असलेले एखादे कडवे तबकडीवर गळायचे, किंवा गाणे दोन बाजूंवर विभागले जायचे. नाट्यपदांचे तर विचारूच नका. बालगंधर्व रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत जे पद कितीतरी वेळ रंगवत, ते तबकडीवर तीन मिनिटांत उरकावे लागे. लय वाढे, ताना कमी होत. नाटक पाहिलेला आणि घरी ग्रामोफोनवर पद ऐकलेला असे दोन मित्र एकाच पदावरून भांडतात तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात.

गीतरामायणाचे उदाहरण सर्वांत ठळक. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले. पुढे वर्षभर ५६ गीते प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात वेगवेगळे गायक होते. सीतेची बरीच गीते माणिक वर्मांच्या आवाजात होती. पुढे एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्या) निघाल्या त्या सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्या एकट्याच्या आवाजात, आणि आज कुठेही 'गीतरामायण' शोधले की प्रथम त्याच सापडतात. १९५५ साली रेडिओपाशी बसलेल्या आजींना सीतेचे गाणे बाबूजींच्या आवाजात ऐकवले तर त्या ऐकतील, दादही देतील, पण त्यांची ती सकाळ काही परत येणार नाही. उलटही होते. "मी हे पंचावन्न साली रेडिओवर बाबूजींच्याच आवाजात ऐकले," असे सांगणाऱ्याच्या मनात पुढच्या काळातल्या एलपीची भर पडलेली असू शकते. बैठकीत मात्र त्याला मध्येच तोडून तारखा सुनावू नयेत. दुरुस्ती नंतर, वहीत.

हिंदी गाण्यांच्या बाबतीत दोन सापळे आहेत. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींवर जुनी गाणी दुसऱ्याच गायकांकडून गाऊन घेतलेली असत. वेष्टनावर मूळ चित्रपटाचे नाव ठसठशीत आणि गायकाचे बारीक. त्यानंतर मूळ ध्वनिमुद्रणावरच जादा ढोलक आणि ड्रम चढवलेल्या 'झंकार' कॅसेटी आल्या. आम्हाला त्या ऐकवत नाहीत, पण ज्याचे कॉलेज त्या काळात झाले त्याच्यासाठी तोच झंकार मूळ आहे. त्याला शुद्ध मूळ ऐकवण्याचा आग्रह धरला तर बैठक त्याची राहणार नाही. स्ट्रीमिंगवर दिसणाऱ्या सालावरही विसंबू नका. पुष्कळदा तिथे दिसते ते संकलन नव्याने प्रसिद्ध झाल्याचे वर्ष, त्यामुळे १९५० चे गाणे २००३ चे होऊन बसते. चित्रपटगीतांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' पाहावा. दशकवार खंड आहेत आणि रेकॉर्डचे क्रमांकही दिलेले आहेत. मराठीसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ हाताशी ठेवावे. तबकडीच्या लेबलवर गायकाचे नाव असेलच असेही धरू नये. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, म्हणजे 'कामिनी'चे नाव होते.

म्हणून गाणे सांगणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचारा. कशावर ऐकले: तबकडी, रेडिओ, कॅसेट, लाउडस्पीकर, की चित्रपटगृहात? साधारण कोणत्या साली? आणि सुरुवातीला काय वाजते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोक हमखास गुणगुणून देतात, आणि त्यावरून ध्वनिमुद्रण पटकन ओळखता येते. पहिल्याचे उत्तर 'रेडिओ सिलोन' असेल तर वेळही विचारा. बुधवारी रात्री आठ म्हणजे १९५२ पासूनची अमीन सयानींची गीतमाला. सकाळी आठला दोन-तीन मिनिटे कमी असताना म्हणजे जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट, तिथे सैगलच असायचा. ज्यांना काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी साधा हिशेब करावा. दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. जन्मसाल १९४८ असेल तर १९५८ ते १९७८ मधली गाणी चाळा.

आता वाजवण्याविषयी. घरात तबकड्या असतील तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच लावाव्यात, पण जपून. ७८ ची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिल, म्हणजे एका इंचाच्या हजारातले तीन भाग, इतक्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई ०.७ ते १ मिलची. ती ७८ वर ठेवली तर खाचेच्या तळाशी, जिथे कचरा साठलेला असतो तिथे घासत जाते. आवाज कमी आणि खरखर जास्त. जुन्या सूटकेस-प्लेयरांत सुई उलटवायची छोटी पट्टी असते, तिच्यावर ७८ आणि एलपी अशा खुणा असतात. अर्ध्या तक्रारी ती फिरवली की संपतात. सुईचा भार एलपीवर दीड ते दोन ग्रॅम, ७८ वर चार-पाच ग्रॅमपर्यंत चालतो. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिन दर बाजूला बदलायची, यात कंजुषी नको. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, त्यांत दगडाची भुकटी मिसळलेली असते. ती पिनेचे टोक घासते आणि घासलेल्या टोकाच्या धारा पुढच्या गाण्याची खाच कापतात. चकचकीत पितळी कर्ण्याचे जे नवे-जुने जोडकाम ग्रामोफोन शोभेसाठी विकले जातात, त्यांच्यावर चांगली तबकडी चढवूच नये.

लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली की संपली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ ब्रश एवढे पुरे. ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडे ठेवायचे, साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने साबण काढायचा आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवायची. ठेवायचीही उभीच. दर फेरीला 'टक' असा आवाज येत असेल तर ती चीर आहे. एकदाच वाजवून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि मग विश्रांती द्या.

वेग हा सर्वांत दुर्लक्षित भाग. प्लेयरचा पट्टा सैल झाला की गायक म्हातारा वाटू लागतो, वेग वाढला की पोरसवदा. सहा टक्के वेग वाढला की सूर एका पट्टीने चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पेटी जवळ असेल तर सा तपासा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर वेगावर संशय घ्यावा, मात्र त्या काळी वाद्ये सगळीकडे एकाच सुरात लावलेली नसत हेही ध्यानात असू द्या. खात्रीचा उपाय म्हणजे कागदावर छापलेली स्ट्रोबची चकती. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ७८ साठी ७७ रेघांची आणि ३३⅓ साठी १८० रेघांची चकती लागते. ती तबकडीवर ठेवून चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली किंवा छोट्या निऑन दिव्याखाली फिरवायची. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. एलईडीखाली बहुधा काही कळत नाही, कारण तिचे लुकलुकणे विजेच्या वारंवारतेशी बांधलेले असेलच असे नाही. परदेशी चकती असेल तर ती ६० हर्ट्झची नाही ना, हे आधी पाहा.

कॅसेटींचे हाल तबकड्यांपेक्षा वाईट आहेत. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून ती दिसली तर कॅसेट डेकमध्ये घालू नका, बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाईल. बुरशी नसेल तर वाजवण्याआधी फीत एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, चिकटलेले थर सुटतात. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग फितीमागची स्पंजची छोटी गादी जागेवर आहे का पाहा. तिचा गोंद वाळून ती पडते आणि फीत हेडला टेकत नाही. तरीही दबका आवाज राहिला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून 'स' आणि 'श' स्पष्ट होतील तिथे थांबवा. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडू नये. गोंद पाझरून शेजारचा थर चिकटतो. फितीची खास जोडपट्टी मिळते. सी-९० (९० मिनिटांची कॅसेट) ची फीत सी-६० पेक्षा पातळ आणि सी-१२० ची त्याहून पातळ, म्हणून तीच आधी गुंतते. संगणकावर उतरवताना सी-१२० ला पहिला मान द्या.

उतरवून घेताना स्पीकरसमोर मोबाइल धरू नका. आवाजी संदेशाची सोय बोलण्यासाठी असते; तबला आणि तंबोरा त्यात मरतात. प्लेयरपासून संगणकापर्यंत तार जोडा. तबकडीसाठी मध्ये फोनो प्रीअॅम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवून खर्ज पूर्ववत करणारे छोटे यंत्र) हवाच, नाहीतर खर्ज नाहीसा होऊन आवाज कर्कश येतो. 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तीन मिनिटांना सुमारे ४८ एमबी लागतात. मित्रांना पाठवायच्या ३२० केबीपीएसच्या एमपी३ प्रतीला जेमतेम सात. मूळ फाइलला हात लावायचा नाही. खरखर काढायची ती प्रतीतून, आणि तीही बेताने, कारण खरखरीबरोबर तंबोरा आणि श्वासही जातात. असली गुळगुळीत केलेली गाणी बाजारात भरपूर आहेत, त्यांत आपली भर नको.

बैठकीचे म्हणाल तर दोन तासांत बारा गाणी पुष्कळ झाली: तीन-साडेतीन मिनिटे गाणे, पाच-सहा मिनिटे बोलणे. पहिल्यांदा सगळ्यांनी गप्प बसून ऐकावे. बरोबर गायचे असेल तर पुन्हा लावावे. पंखा मंद करावा. वयाबरोबर कानांची वरच्या सुरांची जाण आधी कमी होते, म्हणून आवाज मोठा करण्याऐवजी ट्रेबल थोडा वाढवला तर शब्द कळतात. एखाद्याचे डोळे भरून आले तर लगेच पुढचे गाणे लावण्याची घाई नको. आणि आठवण सांगताना मोबाइल हातभर अंतरावर ठेवून, विचारून, ध्वनिमुद्रित करा. गाणे पुन्हा मिळेल, ते बोलणे मिळणार नाही. दोन्ही फाइलींना एकच क्रमांक द्या, नावात गायक, पहिली ओळ, चित्रपट वा नाटक, वर्ष आणि लेबलवरचा रेकॉर्ड क्रमांक लिहा.

ही ध्वनिमुद्रणे जाहीरपणे चढवण्यापूर्वी कायदाही पाहावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ साली गेले. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत मोकळे होत नाहीत. घरच्या बैठकीला याची आडकाठी नाही.

संपादक महाशय, एक विनंती. आपल्या पुरवणीत वाचकांच्या गाण्याच्या आठवणी छापताना त्याखाली एक ओळ द्यावी: गायक, कवी, संगीतकार, आणि वाचकाने ते गाणे कशावर व साधारण केव्हा ऐकले. बऱ्याच आठवणींत गायकाचे नाव येते आणि कवीचे गाळले जाते. संगीतकाराचे तर क्वचितच असते. ही ओळ लिहिण्यासाठी लेखकाला तबकडीचे लेबल किंवा कॅसेटचे वेष्टन शोधावे लागेल. ते सापडले तर त्याचा फोटोही मागवा.

आपले,
जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारे काही श्रोते, पुणे