नळावरचे डाग आणि ती बिनलेबलाची बाटली

म्युनिक

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

दारावर आलेल्या माणसाकडून ॲसिडची बाटली घेतली आणि मावशी त्यात ब्लीचिंग पावडर कालवून बाथरूम धुतात, असं फोनवर म्हणालीस. तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि विषय राहूनच गेला, म्हणून लिहायला बसले. ती दोन्ही एकत्र करू देऊ नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट बाथरूममध्ये थेट छातीत जातो. मावशींना ठसका लागतो तो बहुतेक त्यानेच.

आपल्या बोअरच्या पाण्याचे डाग म्हणजे चुन्याचे क्षार. इथलंही पाणी जड, किटलीत बघता बघता पांढरी खपली धरते. त्यासाठी इथे 25 टक्क्यांचं व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं. आपलं 4-5 टक्क्यांचं असतं. इथलं इतकं जहाल की पाणी घातल्याशिवाय वापरत नाहीत. तुला आपलं साधं पांढरं पुरे. बाबांच्या जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून नळाला गुंडाळ, अर्ध्या तासाने काढून घास आणि भरपूर पाण्याने धू. रात्रभर ठेवलंस तर नळाचा मुलामा जाईल.

ओट्याला मात्र लिंबूही लावू नकोस. कडप्पा काय, शहाबादी काय, मुळात चुनखडीचाच दगड. आंबट लागलं की चकाकी गेलीच, ती पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. आणि काकूंनी पाठवलेला तो व्हिनेगर-सोड्याचा व्हिडिओ सोडून दे. फेस मस्त येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि डाग तिथेच!

ॲसिड वापरायचंच झालं तर फक्त संडासच्या भांड्याला, खिडकी उघडी ठेवून. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नकोस, छोटू आता सगळं तोंडाला लावतो. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच नळाखाली धरायचं, चांगली 20 मिनिटं. वर सोडा, टूथपेस्ट काही चोळायचं नाही. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर तडक डॉक्टरकडे.

मावशींना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणून दे, पैसे मी पाठवते. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली का, कळव.

तुझी,
मनू