निवड समितीच्या सचिवाला

परभणी, रविवार

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कापूस संशोधन केंद्राच्या निवड समितीचं सदस्य-सचिवपद तुझ्याकडे आलं. लोक म्हणतील, फायली लावायचं काम, दुसरं काय! पण एखादी बाई केंद्रप्रमुख होणार की नाही, हे मुलाखतीच्या खोलीत क्वचितच ठरतं. ते आधीच फायलीत ठरून गेलेलं असतं.

जाहिरातीचा मसुदा आधी बघ. 'प्रभारी पदाचा अनुभव आवश्यक' हे वाक्य दिसायला निरुपद्रवी. पण प्रमुख दौऱ्यावर गेले की प्रभार कोणाकडे जातो? 'ते उशिरापर्यंत थांबू शकतात' म्हणून पुरुषाकडे, तेही तोंडी ठरून, आदेश मागाहून. दहा वर्षांनी त्याच्या फायलीत प्रभाराचे सात-आठ आदेश असतात. तिच्या वाट्याला स्वागत समिती, सूत्रसंचालन, पाहुण्यांचा चहा आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. वेळ दोघांचाही गेला, गुण मात्र एकाच्याच कामाला. म्हणून प्रभार सेवाज्येष्ठतेच्या यादीतून पाळीपाळीने द्या, दर वेळी लेखी आदेश, जावक क्रमांकासह. नको असेल तर तिने स्वतः तसं लिहून द्यावं. 'तिची लेकरं लहान आहेत' असं तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवायचं नाही. आणि स्वागत समितीलाही पाळी लावा, पुरुषांसकट. यावर कुरकूर होईल, होऊ दे.

सीएसआयआर, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणारी सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद, १९४२ सालची. तिथे पहिल्या महिला महासंचालक, एन. कलैसेल्वी, आल्या २०२२ मध्ये. कारैकुडीच्या ज्या प्रयोगशाळेत त्या सुरुवातीच्या पदावर शास्त्रज्ञ म्हणून लागल्या, तिच्याच त्या आधी संचालक होत्या. मधल्या पायऱ्या हाती लागल्या तरच वरची खुर्ची गाठता येते. तुझ्या हातात त्या मधल्या पायऱ्याच आहेत.

छाननीत सगळ्यात जास्त चूक भागाकारात होते. समज, दहा वर्षांची सेवा, १८ शोधनिबंध. वर्षाला १.८ पडले आणि तुमची अट २ ची असली तर ती बाद. पण दोन बाळंतपणांच्या २६-२६ आठवड्यांच्या रजा म्हणजे पुरतं एक वर्ष. १८ भागिले ९, ती अटीत बसली. रजेचा रकाना अर्जातच ठेव आणि हा हिशेब छाननी तक्त्यात लिही, म्हणजे कोणी मेहेरबानी केल्यासारखं बोलणार नाही.

'समितीत एक बाई बसवली की झालं' यावर विसंबू नकोस. अमेरिकेत २०१२ च्या एका अभ्यासात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज दिला, फक्त काहींना नाव जॉन, काहींना जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला, पगारही त्याला जास्त सुचवला गेला, आणि हे करण्यात प्राध्यापक बायका मागे नव्हत्या. तेव्हा भरवसा पद्धतीवर ठेव. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी शाईने गुण लिहून कागद तुझ्याकडे द्यायचा. आधी चर्चा झाली तर अध्यक्षांचं मत बाकीच्यांच्या गुणांत उतरतं. नवरा कुठे नोकरीला, मूल कधी, असले प्रश्न निघाले तर तिथेच थांबव आणि इतिवृत्तात नोंद कर. गुणपत्रकं जपून ठेव. स्वीडनमध्ये दोन संशोधक बायकांनी वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुणांचे कागद सरकारी दस्तऐवजांच्या कायद्याने उघडायला लावले. १९९७ मध्ये हिशेब छापून आला : तेवढेच गुण मिळवायला बाईला पुरुषाच्या अडीच पट काम दाखवावं लागत होतं. आपल्याकडेही २००५ पासून माहितीचा अधिकार आहे.

आता प्रक्षेत्राचं. 'बायका शेतावर टिकत नाहीत' हे वाक्य तू ऐकशीलच. कापसाच्या संकरात दुपारनंतर कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचे. म्हणजे अंधार पडेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा सकाळी लवकर हजर. शौचालय कार्यालयापाशी, वाफे दीड किलोमीटरवर आणि जीप दिवसातून एकदा. अशा ठिकाणी कोण टिकेल? बाई दिवसभर पाणीच पीत नाही, मग उन्हात चक्कर येते आणि तिचाच नाजूकपणा निघतो. वाफ्यांजवळ पाणी आणि दिवा असलेलं शौचालय, गाडीच्या दोन फेऱ्या, विश्रामगृहाच्या खोलीला आतून कडी. ही तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात खरिपाच्या आधी घाल, पेरणी झाल्यावर कोणी ऐकत नाही.

कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा फलकही वाचून बघ. २०१३ च्या कायद्याने अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा, मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. तक्रार ३ महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. गफलत ठरलेली असते : मुदत संपलेली, बाहेरच्या सदस्याला कधी बोलावलेलंच नाही, किंवा समिती फक्त मुख्यालयात आणि केंद्र ऐंशी किलोमीटरवर. कायदा प्रत्येक कार्यालयात वेगळी समिती मागतो. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. आणि पराग लावणाऱ्या रोजंदारीवरच्या बायका, ठेकेदारामार्फत आलेल्या असल्या तरी, याच कायद्यात येतात. फलक मराठीत आणि शेतावरच्या शेडमध्येही लाव, कार्यालयाच्या काचेआड नको. ८ मार्चला गुलाबाची फुलं वाटायला माझी हरकत नाही, पण त्या दिवशी समितीची मुदतही तपासा.

प्रकल्पावरच्या संशोधक मुलींचं एक राहिलं. त्यांची रजा प्रकल्पाच्या मुदतीतून कापली जाते आणि काम अर्धवट राहिल्याचा ठपका त्यांच्यावर येतो. मुदतवाढीचं पत्र निधी देणाऱ्या संस्थेला रजा सुरू होण्याआधी जायला हवं.

जाहिरातीचा मसुदा तयार झाला की सहीला ठेवण्याआधी मला पाठव. 'आवश्यक' आणि 'इष्ट' या दोन रकान्यांत काय काय टाकलंय ते मला बघायचंय.

तुझी,
आई