गंजावर रंग

महोदय,

आमच्या भागातल्या पादचारी पुलाला पावसाळ्याच्या तोंडावर रंग दिला. गंज खरवडलाच नाही, वरूनच ब्रश फिरवला. महिन्याभरात फुगे आले. नखाने उचकटले तर खाली तपकिरी पापुद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. याहून वाईट म्हणजे वर्दळीच्या हादऱ्यांनी बोल्टच्या भोकापाशी, वेल्डिंगच्या कडेला पडणारी केसाएवढी चीर रंगाखाली दिसतच नाही.

१५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, ४ जण गेले. तरी आमच्याकडे रंगाचाच डबा! त्याआधी तारेचा ब्रश आणि हातोडी घेऊन माणूस पाठवा. सैल बोल्ट ठोकला की बद्द वाजतो.

– एक पादचारी, कोथरूड, पुणे