धार लावणाऱ्या यंत्राचा कोन खोक्यावर का नसतो?

महोदय,

विजेवर चालणाऱ्या धार लावण्याच्या यंत्रांविषयी आपल्या पुरवणीत नुकताच जो मजकूर आला, त्यात या यंत्रांची सोय नेमकी सांगितली आहे. पण ज्या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून असते, त्या कोनाचा, म्हणजे पाते चकतीला किती अंशांनी टेकते याचा, त्यात उल्लेख नाही. यात लेखकाचा दोष आहे असे मला वाटत नाही. यंत्राच्या खोक्यावर मोटार किती वॅटची आहे आणि वायर किती लांब आहे हे छापलेले असते, सुरी घालायची खाच किती अंशांची आहे आणि चकतीवरचा दाणा किती जाड आहे हे मात्र पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे आणि ती काही पाती खराब करून घेतल्यानंतरची आहे.

दगडावर हाताने धार लावताना खरी कठीण गोष्ट घासणे ही नसते. पाते पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकाच कोनात धरून ठेवणे कठीण असते. मनगट जरा वर-खाली झाले की कड सपाट न राहता गोलसर होते. यंत्र नेमके हेच काम आपल्या हातून काढून घेते. खाचेच्या आत तिरपा आधार असतो, स्प्रिंग किंवा लोहचुंबक पात्याला त्या आधाराशी टेकवून धरतो आणि हिऱ्याच्या बारीक कणांचा लेप असलेली चकती ठरलेल्या कोनात फिरत राहते. आपण फक्त सुरी मुठीच्या बाजूने टोकाकडे, वरून दाब न देता, सावकाश ओढायची असते. ही सोय मी कमी लेखत नाही, कारण दगडावर मला कधीच नीट जमले नाही. परंतु कोन आता आपण ठरवत नसून यंत्र ठरवते, हे मात्र विकत घेताना कोणी सांगत नाही.

युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांची धार साधारणपणे एका बाजूस 20 अंशांच्या आसपास असते, तर जपानी धाटणीच्या पातळ आणि अधिक कडक पोलादाच्या सुऱ्यांची 15 अंश किंवा त्याहूनही कमी. त्यातही काही उत्पादक एका बाजूचा कोन सांगतात, तर काही दोन्ही बाजूंचा मिळून, त्यामुळे 30 हा आकडा वाचून नक्की काय समजावे असा प्रश्न पडतो. 20 अंशांची सुरी 15 अंशांच्या खाचेत घातली, तर चकती धारेला लागतच नाही. धारेच्या वरचा खांदा घासला जातो आणि दहा-बारा वेळा ओढूनही सुरी बोथटच राहिल्यामुळे माणूस यंत्राला नावे ठेवतो. उलट 15 अंशांची सुरी 20 अंशांच्या खाचेत घातली, तर ती दोन फेऱ्यांत धारदार होते आणि आपण खूश होतो, पण ज्या पातळपणासाठी ती घेतली तो मात्र दर वेळी थोडा थोडा जातो. माझी पहिली सुरी अशी गेली.

हे ओळखण्याचा एक सोपा उपाय मला फार उशिरा कळला. जाड मार्कर पेनाने धारेलगतची पट्टी दोन्ही बाजूंनी काळी करावी, सुरी खाचेतून एकदाच ओढावी आणि उजेडात तिरपी धरून पाहावी. शाई अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल, तर कोन जुळला किंवा खाच थोडी जास्त अंशांची आहे. फक्त वरच्या बाजूची शाई गेली आणि कडेला केसाएवढी काळी रेघ उरली, तर चकती अजून धारेपर्यंत पोहोचलेली नाही. या पाच मिनिटांच्या प्रयोगाने मला जे कळले, ते यंत्रासोबत आलेल्या घडीच्या कागदात कुठेही नव्हते.

दुसरी चूक खाचांच्या क्रमाची. बहुतेक यंत्रांत दोन किंवा तीन टप्पे असतात. पहिली खाच जाड दाण्याची, दुसरी बारीक दाण्याची आणि असल्यास तिसरी झिलई देणारी. पहिली खाच पोलाद काढते. ती अगदी बोथट झालेल्या किंवा दाते पडलेल्या सुरीसाठी आहे. रोजच्या वापरातली सुरी मंदावते तेव्हा पुष्कळदा तिची धार झिजलेली नसते, तर एका अंगाला मुडपलेली असते, आणि तिला दुसरी किंवा तिसरी खाच, नाहीतर पोलादी दांडीवर चार हात मारणेही पुरते. दर आठवड्याला पहिल्या खाचेपासून सुरुवात करणे म्हणजे सुरी हौसेने झिजवणे होय. मी ते दोन वर्षे केले. आज ती सुरी सपाट फळीवर धार खाली करून उभी धरली, तर मुठीजवळ फळी आणि धार यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसते, कारण मुठीलगतचा जाड भाग खाचेत उतरत नाही आणि त्याच्या पुढचे पोलाद मात्र दर खेपेस निघत जाते. चिरताना ती जागा फळीला टेकत नाही आणि कापलेल्या गोष्टी एकमेकींना धाग्याने चिकटून राहतात.

पोलाद निघताना दुसऱ्या अंगाला एक अतिशय बारीक उलटी कड उभी राहते. डोळ्यांना ती क्वचितच दिसते. बोटाचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे, म्हणजे कडेवरून बाहेर निघून जाईल असे, हलकेच सरकवले की ती खरखरते. ती संपूर्ण लांबीत जाणवली, म्हणजेच घासलेल्या बाजूचे काम झाले. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या उजव्या आणि डाव्या खाचेतून आलटून पालटून, सारख्याच वेळा ओढायचे आणि बारीक खाचेत ही कड उतरवायची. ती तशीच ठेवली तर सुरी पहिल्या दिवशी कागद सरसर कापते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोथट होते.

खिशातल्या चाकूचे दुःख वेगळे आहे. त्याचे पाते आखूड, पाठीला जाड आणि टोकाकडे वळलेले असते. 20 सेंटिमीटरची सुरी ओढायला चार-पाच सेकंद द्यायचे असतील, तर 7 सेंटिमीटरच्या पात्याला दीड सेकंद पुरे होतो. हात मात्र सवयीने सुरीएवढाच वेळ घेतो. त्यात टोक खाचेतून बाहेर पडताना आपण नकळत पाते खाली दाबतो आणि चकती टोक गोल करून टाकते. माझ्या चाकूची अणी अशीच गेली. आता त्याने साधी चिकटपट्टी उचकटता येत नाही. टोक जवळ आले की मूठ किंचित वर उचलून वळणाच्या मागोमाग जावे आणि टोक चकतीवरून निसटण्याआधी थांबावे, हे मी नंतर शिकलो. ज्या चाकूचे पाते उघडल्यावर खटक्याने पक्के बसत नाही, ते ओढताना बोटांवर मिटू शकते, त्यामुळे बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. फार जाड पाते खाचेत शिरत नसेल, तर ते दाबून घालण्यापेक्षा दगडच बरा.

पात्याचे पाणी उतरण्याची, म्हणजे तापून त्याचा कडकपणा जाण्याची, भीती अनेकांना वाटते. उघड्या, वेगाने फिरणाऱ्या सराणीवर ती रास्त आहे. तिथे कड आधी पिवळसर आणि साधारण 300 अंश सेल्सिअसच्या सुमारास निळी पडते, आणि निळी पडलेली कड धार टिकवत नाही. घरगुती यंत्रात पाते क्षणभरच टेकते, म्हणून तशी वेळ सहसा येत नाही. तिथे पाते मध्येच थांबवले, तर त्या जागी खळगा पडतो, हा धोका अधिक खरा आहे. करवती धारेची सुरी, एकाच बाजूने घासलेले जपानी पाते आणि कात्री, तसेच उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर सिरॅमिकचे पातेही, या खाचांत घालू नये. धार लावून झाल्यावर पाते ओल्या फडक्याने पाठीकडून पुसावे, कारण पोलादाचा काळा कीस त्यावर राहतो आणि तो कापलेल्या अन्नात जाऊ शकतो.

यंत्र बनवणाऱ्यांकडे मागणी एवढीच की प्रत्येक खाचेवर, एका बाजूचा कोन असे स्पष्ट लिहून, अंशांचा आकडा कोरावा. खोक्यावर दाण्याची जाडी द्यावी आणि पहिली खाच केव्हा वापरू नये हे माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत सांगावे. सुऱ्या विकणाऱ्यांनीही पात्याचा कोन वेष्टनावर छापला, तर ग्राहकाला दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येतील. तोवर वाचकांनी यंत्राच्या खणात एक काळे मार्कर पेन ठेवून द्यावे.

आपला,
एक वाचक