बायच्या वाढदिवसाबद्दल, आई-बाबांना

मडगाव,
आषाढातला रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बोलताना माझा आवाज चढतो आणि मग आई गप्प होते, म्हणून या वेळी लिहायला बसले. बाय आत्ताच झोपली आहे.

ठरलंय ते आधी सांगते. बायचा पहिला वाढदिवस श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी इथेच, घरी करायचा. बेकरीतला केक आणायचा नाही. तुम्ही दोघांनी आठ दिवस आधी यायचं, आणि गणेश चवथीच्या साफसफाईसाठी तुम्हाला वेळेत पेडण्याला, गावी पोचवायची जबाबदारी आमची.

गावच्या घरी करायचं तुमच्या मनात होतं हे मला माहीत आहे. बाबांनी मांडवाचं सांगूनसुद्धा ठेवलं होतं, दादाने सांगितलं मला. बाबा, ते ऐकल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्या पावसात तिला घेऊन दोन तास गाडीत बसायचं, तिच्या झोपेची वेळ हुकणार, आणि पोचल्यावर साठ-सत्तर माणसं. वाड्यावरचा प्रत्येक जण मायेनेच तिच्या तोंडात काहीतरी घालणार आणि मी प्रत्येकाचा हात धरत फिरणार. मग ऐकून घ्यावं लागणार ते तुम्हाला, आम्ही तर दुसऱ्या दिवशी निघून येणार. पुढच्या वर्षी ती दोन वर्षांची झाली की गावात करू, मांडव घालून करू. ते मी आताच कबूल करते.

तुम्ही आगगाडीने यायचं म्हणाल, तर तेही नको. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा गाड्या कशा अडकल्या ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. गाडी दाराशी येईल.

इथल्या राहण्याची काळजी करू नका. मागच्या खोलीत कापसाची कडक गादी घातली आहे, फोम काढून टाकला. संडासात भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आणि खाली रबराचं जाळीदार पायपुसणं टाकलंय, ते ओलं झालं तरी सरकत नाही. इन्व्हर्टरवर तुमच्या खोलीतला पंखा आणि दिवा दोन्ही चालतात. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहाला खाली भोंगा वाजवतो. बाबांसाठी त्याच्याकडची कोंडा लावलेली पावासारखी पोळी घेत जाऊ, पण ती तोडून बघायची. वर कोंडा भुरभुरला म्हणून आतलं पीठ गव्हाचं असतंच असं नाही. आत पांढरी, लुसलुशीत निघाली तर तो पावच समजायचा आणि अर्धीच खायची. उकड्या तांदळाची पेज दहाच्या ठोक्याला मिळेल. पेपर दारात येतो. देवघर पूर्वेकडच्या भिंतीला हलवलंय, आईला खाली न बसता पूजा करता येईल एवढ्या उंचीवर.

आता केकचं. आई, केक म्हणून मी तुझं तवशाचं धोंडसच, काकडी आणि तांदळाच्या रव्याचं ते भाजलेलं गोड, करणार आहे. श्रावणात तू अंडं खात नाहीस, आणि धोंडसात अंडं नाही, मैदा नाही, सोडा नाही. तवशी त्याच दिवसांत वेलावर असतात. टोपावर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे आणि खाली मंद विस्तव. वरून आणि खालून आच लागते तीच तर ओव्हनची रीत, तू ती चुलीवर करत आलीस. चिमट्याने निखारे सारखे करताना तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असायच्या आणि टोपाच्या कडेची ती लाल, चिवट खरपूड तू बशीत काढून माझ्यासाठी झाकून ठेवायचीस. दादाला अजून वाटतं की ती मांजराने खाल्ली.

बायच्या वाटचं धोंडस गुळाशिवाय करायचं. गूळ आणि साखर तिच्या पोटाला सारखीच, गुळातलं लोह एवढंसं असतं की त्यासाठी गोडाची चटक लावण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या सूचनांतही दोन वर्षांपर्यंत साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ मुलाला देऊ नका असंच आहे. तू आम्हाला गूळ दिलास आणि आम्ही धडधाकट वाढलो, हे मला मान्य आहे गं. तेव्हा दिवसभरात तो एकच गोड घास असायचा. आता बिस्किटात, पाकिटातल्या खिमटात, सगळीकडे आधीच साखर असते.

नुसता गूळ वगळून चालत नाही, हे मी दोनदा करून पाहिलं तेव्हा कळलं. गूळ विरघळला की मिश्रण सैल होतं, ओलावा धरून राहतो आणि वरून रंग येतो. तो काढला की धोंडस पांढरंफटक आणि भुसभुशीत होतं, आणि तसला कोरडा घास बायच्या घशाला चिकटतो. म्हणून प्रमाण असं बसवलंय: तांदळाचा रवा १ वाटी, तवसं किसून त्याच्या पाण्यासकट २ वाट्या, चांगली काळे ठिपके पडलेली केळी २, बिया काढून कोमट पाण्यात भिजवून वाटलेला खजूर ४, ओलं खोबरं अर्धी वाटी, नारळाचं दाट दूध अर्धी वाटी, वेलची. मीठ अजिबात नाही. खोबरं नुसतं खवणून घालायचं नाही, मिक्सरमधून बारीक काढायचं, नाहीतर त्याची कुसळं तिच्या घशात अडकतात आणि तिला उमासे येतात. केळ्यात आणि खजुरातही साखर असतेच, म्हणून खजूर चारच.

रवा दोन चमचे तुपावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचा, लाल करायचा नाही. मग तवशाच्या किसात कालवून अर्धा तास झाकून ठेवायचा. घाई केली तर रवा आत कच्चाच राहतो आणि दाताखाली कचकचतो, बायला तर दात मोजून चार. तवसं किसायच्या आधी दोन्ही टोकं कापून चाखून बघायचं. जरा जरी कडू लागलं तरी अख्खं फेकायचं, कडू भाग कापून उरलेलं वापरायचं नाही. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि त्याने पोट बिघडतं. जून तवसं असेल तर साल आणि बिया काढायच्या.

डब्याला तळाशी हळदीचं पान. ओव्हन १८० वर दहा मिनिटं तापवून, पहिली तीस मिनिटं फक्त खालची दांडी लावायची. दोन्ही एकदम लावल्या तर वर लगेच कवच धरतं, आतली वाफ ते फोडून बाहेर येते आणि मध्ये गिळगिळीत राहतं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं दोन्ही दांड्या, तेव्हा कड लाल होते. सुरी घालून स्वच्छ निघाली की बंद. पण लगेच कापायचं नाही, तांदूळ थंड झाल्यावरच घट्ट बसतो. निदान दोन तास. तुझ्या हाताची खरपूड येते का, ते आठवड्यात आपण दोघी मिळून बघू. मला अजून जमलेली नाही.

वीज गेली तर काय, हे बाबा विचारतीलच. केळ्याचा केक असता तर पंचाईत होती. दही आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात, वीज येईपर्यंत ते निघून जातात आणि केक बसतो. धोंडसात सोडाच नाही, मिश्रण तासभर फ्रीजमध्ये थांबतं. अगदीच नाही आली तर जाड बुडाचा टोप, खाली तवा, मंद गॅस, आणि वरून आईची रीत. वाढदिवशी काही अडणार नाही.

हे दमट दिवसांतलं ओल्या खोबऱ्याचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर ठेवलं तर तार सुटते. उरलेलं त्याच संध्याकाळी फ्रीजमध्ये, आणि बायला देताना वाफेवर गरम करून.

मोठ्यांसाठी दुसरा डबा गुळाचा, नेहमीच्या पाऊणपट गूळ घालून. तो आई, तूच कर. माझ्या हातचं कोणाला आवडणार नाही आणि शेजारच्या काकी तुझंच विचारत होत्या.

बायला भरवताना एवढंच लक्षात ठेवा. बोटाएवढी लांब पट्टी तिच्या हातात द्यायची, तोंडात कोंबायची नाही. अंगठा आणि बोटात सहज चिरडेल एवढी मऊ असली पाहिजे. ती ताठ बसलेली असली पाहिजे, मांडीवर आडवी असताना नाही, आणि रडत किंवा हसत असताना नाही. शेंगदाणा, काजू, अख्खं द्राक्ष हातालाही लागू द्यायचं नाही. टोस्ट आणि बटर बिस्किट तिला चावता येत नाही, चोखून चोखून अचानक तुकडा मोडतो, आणि तोच अडकतो.

आणि बाबा, चहात बुडवलेला पाव. तुमच्या मांडीवर बसून ती तोंडाचा आ करते तेव्हा तुम्हाला राहवत नाही, मला दिसतं ते. मी पण तशीच तुमच्या बशीतला चहा प्यायची. पण चहाने जेवणातलं लोह नीट अंगाला लागत नाही, आणि या वयात तिला लोह फार लागतं. तेव्हा तुमच्या पोळीचा मऊ गाभा तिच्यासाठी काढायचा आणि तो डाळीच्या पाण्यात बुडवून तुम्हीच द्यायचा. तुमच्या हातूनच, दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता तुमचं, बाबा. रागावू नका. धोंडस बिनसाखरेचं आहे म्हणून तुम्हाला मोकळं रान नाही. तांदूळ आणि केळं दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. बायच्या डब्यातली दोन बोटं रुंद एक फोड, दुपारच्या जेवणाबरोबर, आणि तेवढा भात कमी. नाचणीचंही तेच. नाचणी चांगली, पण बारीक दळून त्याचं आंबील गटागटा प्यायलात तर साखर चढायची ती चढतेच.

श्रावणी सोमवार आईने धरावेत, तुम्ही या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. सकाळची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येते. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच मशीनवर बघायचं. आकडा ७० च्या खाली असला, किंवा मशीन हाताशी नसलं, तर तीन सपाट चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटलं की काहीतरी खाऊन घ्यायचं. त्या वेळी धोंडस किंवा बिस्किट खात बसू नका, तुपा-खोबऱ्याबरोबर साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आमच्या घरात बायसाठी साखर नसली तरी तुमच्यासाठी एक छोटी बरणी गॅसजवळच्या फडताळात आहे, लाल झाकणाची. तिला बाकी कोणी हात लावत नाही. गेल्या मार्गशीर्षातल्या त्या रात्रीनंतर ती बरणी भरलेली आहे ना, हे मी झोपायच्या आधी रोज बघते.

येताना आणायचं: वेलावरची चार तवशी, कोवळी आणि मध्यम. हळदीची दहा-बारा पानं ओल्या फडक्यात गुंडाळून. सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ धुवून, सावलीत वाळवून, गिरणीतून रवा काढून, पण गिरणीवर आधी मसाला दळला नाही ना ते विचारून. साखरेचं मशीन, पट्ट्या, गोळ्या पंधरा दिवसांच्या, आणि डॉक्टरांची फाइल. रक्ताची तपासणी निघायच्या आधी करून घ्या, आकडे मला फोटो काढून पाठवा. बिस्किटांचे पुडे आणू नका. नारळ पाडायला कोणाला तरी बोलवा. बाबा, शिडीला हात लावायचा नाही. हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे.

आणि आई, ती मधाची बाटली. मी ती दादाबरोबर परत पाठवली तेव्हा तुला लागलं, तू बोलली नाहीस तरी. तुझ्या मधावर मला कधी शंका नव्हती. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध चालत नाही, अगदी आपल्यासमोर पोळं काढून गाळलेलाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल होतं, दूध ओढता येत नाही, श्वासही अडतो. उकळून किंवा केकमध्ये भाजूनही ते मरत नाहीत, कारण केक आतून शंभर अंशांच्या वर जातच नाही. हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, बाटली न पाठवता. चुकलं माझं.

वर्ष पुरं झालं की ही भीती राहत नाही. रोज चाटवायचा नाही, मधही गोडच. पण या पावसात तिला खोकला झाला तर रात्री झोपताना अर्धा चमचा तूच दे. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस तो जुना चांदीचा चमचाही घेऊन ये, मी उकळून ठेवीन.

गाडी शनिवारी सकाळी साडेनऊला येईल, बाबांचा नाश्ता आणि गोळी झाल्यावरच निघा. मधाच्या बाटलीचं झाकण जरा सैल आहे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, टॉवेलात गुंडाळून उभी ठेवा.

बाय उठली. आवाज येतोय.

तुमची,
मनू